व्यत्ययाबद्दल क्षमस्व!



माझ्या लहानपणी आमच्या आळीत एकच टीव्ही होता, समोरच्या काकूंकडे. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की आम्ही सगळी पोरं त्यांच्या पडवीत फतकल मारून बसायचो. सिनेमा अगदी रंगात यायचा, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर पाटी झळकायची, ‘व्यत्यय’! मग काकूंचा मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. खालून आम्ही ओरडायचो, “नाही आलं! अजून थोडं! नाही, नाही, गेलं!” बिचाऱ्या अँटेनाचा काही दोष नसायचा बरं का. बिघाड असायचा लांब कुठेतरी. पण पाटी आली म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, एवढं आम्ही मुकाट्याने मानायचो. पाटी खोटं बोलेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आज मी तुम्हांला एका खोटं बोलणाऱ्या पाटीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट घडली आपल्यापासून फार लांब, अमेरिकेत. तिथे मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे आणि त्याच नावाचं एक राज्यही आहे. त्या राज्याची राजधानी जॅक्सन. 1953 सालच्या डिसेंबरमध्ये या शहरात एक दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं. नाव डब्ल्यूएलबीटी, चॅनेल क्रमांक 3. (तिकडे केंद्रांना अशी अक्षरी नावं असतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची बहुतेक केंद्रं ‘डब्ल्यू’ने सुरू होतात आणि पश्चिमेकडची ‘के’ने. पुढेमागे कोड्यात विचारलं तर लक्षात असू द्या!) हे केंद्र सरकारचं नव्हतं. जॅक्सनमधल्याच एका विमा कंपनीने ते काढलं होतं.

या केंद्रावर दोन तऱ्हेचे कार्यक्रम असत. काही तिथेच तयार व्हायचे, म्हणजे शहराच्या बातम्या, मुलांचे कार्यक्रम, प्रार्थना. बाकीचे यायचे एनबीसी या मोठ्या कंपनीकडून. तिचं मुख्य ठाणं न्यूयॉर्कला. तिथला कार्यक्रम दूरध्वनी कंपनीच्या तारांवरून गावोगावच्या केंद्रांकडे पोचायचा आणि प्रत्येक केंद्र तो आपल्या मनोऱ्यावरून आसपासच्या घरांत पाठवायचं. म्हणजे न्यूयॉर्कहून कितीही चांगला कार्यक्रम निघाला, तरी जॅक्सनच्या घराघरांत तो जाऊ द्यायचा की नाही, हे ठरवणारं बटण जॅक्सनमध्येच होतं.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी मिसिसिपीत गोऱ्या माणसांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. हॉटेलं वेगळी, दवाखान्यांतल्या बसायच्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे! कृष्णवर्णीयांना मतदान करू नये म्हणून नाना अडथळे घातलेले. शाळांमधला हा भेद घटनेविरुद्ध आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली दिला. तो खटला ज्यांनी लढवला, त्या वकिलांचं नाव थर्गुड मार्शल. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. पुढे 1967 मध्ये ते त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

तर 1955 साली हे मार्शल एनबीसीच्या एका कार्यक्रमात बोलायला आले. देशभर लोक बघत होते. जॅक्सनमध्येही बघायला लागले होते. आणि एकदम चित्र गेलं! पडद्यावर पाटी आली, ‘क्षमस्व, केबल बिघडली आहे.’

केबल बिघडली नव्हती. केंद्रात कुणीतरी मुद्दाम कार्यक्रम तोडला होता. एका कृष्णवर्णीय वकिलाने शांतपणे, मुद्देसूद बोललेलं जॅक्सनच्या लोकांनी ऐकू नये, म्हणून.

मला तर या प्रसंगात ती पाटीच सगळ्यात जास्त झोंबते. ‘आम्ही तुम्हांला हे दाखवणार नाही’ असं सरळ म्हणाले असते, तर निदान भांडता तरी आलं असतं. पण केबल बिघडली म्हटल्यावर कोण भांडणार? माणूस कौलांवर चढून अँटेनाच फिरवत बसणार!

बरं, हे केंद्र ज्यांच्यासाठी चालत होतं, त्या प्रेक्षकांत कृष्णवर्णीय किती होते, ठाऊक आहे? शंभरांतले जवळजवळ पंचेचाळीस! म्हणजे निम्म्याला थोडेच कमी. पण बातम्यांत ते दिसायचे नाहीत. मुलांच्या कार्यक्रमात त्यांची मुलं नाहीत. चर्चच्या प्रार्थना दाखवायच्या, पण त्यांच्या चर्चच्या नाहीत. आणि जेव्हा बातमीत एखाद्या कृष्णवर्णीय माणसाचं नाव यायचंच, तेव्हा ते नुसतंच यायचं. गोऱ्या माणसाला ‘मिस्टर’, गोऱ्या बाईला ‘मिसेस’. कृष्णवर्णीय मात्र, मग ते शिक्षक असोत की पाद्री, त्यांना तसलं काही नाही. आपल्याकडे नाही का, कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘अरे’? पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला एखादा पोरगा ‘ए’ म्हणून हाक मारतो, तेव्हा आपल्यालाच कसं लाजल्यासारखं होतं! तसंच ते.

उलट, भेदभाव राहिलाच पाहिजे म्हणणाऱ्या संघटनांना मात्र इथे भरपूर वेळ मिळे. 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा मोठी दंगल उसळली. त्याही वेळी या केंद्राने एकच बाजू दाखवली, अशा तक्रारी झाल्या. त्याच वर्षी रॉबर्ट स्मिथ नावाचे कृष्णवर्णीय पाद्री निवडणुकीला उभे राहिले. ते किराणा मालाचं दुकानही चालवायचे. प्रचारासाठी टीव्हीवर थोडा वेळ द्या, पैसे भरतो, म्हणाले. गोरे उमेदवार असाच वेळ विकत घेत होते. पण स्मिथ यांना आधी नकारच मिळाला. पुष्कळ खटपट केल्यावर शेवटी एकदाची वेळ मिळाली.

तुम्ही म्हणाल, “बाई, केंद्र त्यांचं, पैसा त्यांचा. त्यांनी काय दाखवायचं ते त्यांनी ठरवावं!” असं म्हणणारे तिकडेही होते. इथेच खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबू या.

इमारत त्यांची होती. कॅमेरे त्यांचे होते. मनोराही त्यांचा होता. पण मनोऱ्यापासून तुमच्या घरापर्यंत चित्र कशावरून येतं? लहरींवरून. त्या लहरी कुणाच्या? एका भागात चॅनेल क्रमांक 3 एकाच केंद्राला वापरता येतो. दोघांनी वापरला तर चित्रावर चित्र चढून सगळा गोंधळ. म्हणून सरकार कुणातरी एकाला परवाना देतं, तोही मुदतीचा. त्या वेळी मुदत होती तीन वर्षांची. दर तीन वर्षांनी केंद्राने जाऊन सांगायचं, ‘आम्ही सर्व लोकांच्या हितासाठी काम केलं, आता परवाना पुढे चालू ठेवा.’ लहरी सगळ्यांच्या आणि केंद्र जणू त्यांचं राखणदार. महाडचं चवदार तळं तुम्ही इतिहासात वाचलंय ना? तळं सार्वजनिक, ते सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठरावही झालेला. तरी पाणी भरायला जाणाऱ्याला अडवणारे काठावर उभेच! 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जॅक्सनच्या आकाशातलं तळं तसंच अडवलेलं होतं.

जॅक्सनमध्ये मेडगर एव्हर्स नावाचे एक तरुण कार्यकर्ते होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढून आलेले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचं काम ते राज्यभर हिंडून करायचे. 1963 च्या मे महिन्यात शहराचे महापौर टीव्हीवर या चळवळीविरुद्ध बोलले. एव्हर्स म्हणाले, मग आम्हांलाही उत्तर द्यायला वेळ हवा. आणि या वेळी केंद्राला तो द्यावा लागला. 20 मे 1963 ला डब्ल्यूएलबीटीवरून मेडगर एव्हर्स 17 मिनिटं बोलले. फक्त सतरा मिनिटं! तुमच्या शाळेचा एक तास त्याहून मोठा असतो. पण ज्या पडद्यावर त्यांच्यासारखा माणूस क्वचितच दिसायचा, तिथे तो आता थेट दिवाणखान्यात येऊन बोलत होता.

जेमतेम तीन आठवडे झाले. 12 जूनला मध्यरात्र उलटल्यावर एव्हर्स घरी परतले, गाडीतून उतरले, आणि दाराशीच त्यांना पाठीमागून गोळी घालण्यात आली. घरात बायको आणि तीन लहान मुलं जागी होती. खुनी माणसाला शिक्षा व्हायला 1994 साल उजाडावं लागलं. एकतीस वर्षं!

टीव्हीवर दिसले म्हणूनच त्यांना मारलं, असं मी म्हणणार नाही. धमक्या त्यांना आधीपासून येत होत्या. पण त्या सतरा मिनिटांची किंमत काय होती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

आता या गोष्टीत येतात एव्हरेट पार्कर. हे गोरे होते, न्यूयॉर्कला एका चर्च-संघटनेचं प्रसारणविषयक काम बघत होते. संघटनेचं नाव युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट. त्यांनी ठरवलं, डब्ल्यूएलबीटीचा परवाना संपतोय, तो पुन्हा मिळू द्यायचा नाही. पण ‘हे लोक अन्याय करतात’ असं नुसतं म्हणून कोण ऐकणार? पुरावा पाहिजे. आणि टीव्हीचा पुरावा म्हणजे हवेत विरणारी गोष्ट. वर्तमानपत्र जपून ठेवता येतं. काल रात्रीची टीव्हीवरची बातमी कुठून आणणार?

मग त्यांनी काय केलं, तर मोजलं! 1964 च्या मार्चमध्ये पूर्ण एक आठवडा काही स्वयंसेवक टीव्हीसमोर बसले. कार्यक्रम सुरू झाल्यापासून रात्री बंद होईपर्यंत. पडद्यावर कोण आलं, किती वेळ दिसलं, कुणाला काय म्हटलं, सगळं लिहून काढलं. हे काम गुपचूप चाललं होतं. या माणसांची नावंसुद्धा बाहेर फुटू दिली नाहीत, कारण नाव कळलं असतं तर त्यांची धडगत नव्हती. विचार करा, टीव्ही बघणं हे जिवावरचं काम!

हे वाचताना मला आमच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगतेच. आमच्या शाळेत परिपाठाला रोज पाच बातम्या फळ्यावर लिहायची पद्धत आहे. मुलं बातम्या आणतात, त्यातल्या पाच निवडल्या जातात. एकदा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून येते ती. म्हणाली, “बाई, आमच्या वस्तीची बातमी कधीच नाही लागत.” मी म्हटलं, “असं कसं? लागली असेल की.” तिने वही पुढे केली. जूनपासून रोजच्या पाच बातम्या तिने उतरवून घेतल्या होत्या आणि पुढे गाव, वस्ती, जग असे रकाने आखले होते. वस्तीच्या रकान्यात एकही रेघ नव्हती. मी गप्पच बसले. कारण बातम्या निवडणारी मीच होते ना! मी काही मुद्दाम केलं नव्हतं. पण तिची वही हातात असताना ‘मी मुद्दाम नाही केलं’ हे म्हणायला माझी जीभ रेटेना.

असो. जॅक्सनकडे वळू या.

एप्रिल 1964 मध्ये तक्रार दाखल झाली. तिच्यावर पार्कर यांच्या संघटनेबरोबर दोन स्थानिक माणसांची नावं होती. एक ते पाद्री रॉबर्ट स्मिथ. दुसरे ॲरन हेन्री. हेन्री हे क्लार्क्सडेल गावचे औषधविक्रेते; एन.ए.ए.सी.पी.चे राज्याचे अध्यक्ष. त्यांच्या घरावर बॉम्ब टाकून झाला होता, दुकानाची मोडतोड झाली होती. तरी गडी मागे हटला नाही. हेन्रींचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाला तिकडे एफ.सी.सी. म्हणतात. या आयोगाने 1965 साली काय सांगितलं? केंद्राचं वागणं ठीक नाही हे खरं, म्हणून तीनऐवजी एकच वर्षाचा परवाना देतो, सुधारून दाखवा. आणि तक्रारदारांना सांगितलं, तुम्हांला या प्रकरणात पक्षकार होता येणार नाही! कारण नियमच तसा होता. केंद्राच्या परवान्याला हरकत घेता यायची ती दोघांनाच: ज्याचं पैशाचं नुकसान होतंय त्याला, किंवा ज्याच्या लहरींत गोंधळ होतोय त्याला. म्हणजे दुसऱ्या केंद्राच्या मालकाला. टीव्ही बघणाऱ्या माणसाचा टीव्हीच्या परवान्याशी संबंध काय? काहीच नाही!

हसू येतं ना? हॉटेलातल्या जेवणाबद्दल तक्रार करायची तर ती फक्त शेजारच्या हॉटेलवाल्याने करायची, जेवणाऱ्याने नाही!

तक्रारदार न्यायालयात गेले. 25 मार्च 1966 ला निकाल लागला. न्यायमूर्ती होते वॉरन बर्गर, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितलं, प्रेक्षकांनाही बोलायचा अधिकार आहे. लोकांची मालमत्ता ज्याने वापरायला घेतली, त्याच्यावर लोकांप्रती जबाबदारीही आली, आणि ती पार पडली की नाही हे ते लोकच सांगू शकतात. आयोगाने सुनावणी घ्यावी. सुनावणी झाली, 1967 मध्ये, जॅक्सनमध्येच. आणि 1968 मध्ये आयोगाने पुन्हा परवाना दिला तो त्याच कंपनीला! तक्रारदार पुन्हा न्यायालयात. जून 1969 मध्ये पुन्हा बर्गर यांच्यासमोर. या वेळी न्यायालयाने आयोगाला आणखी एक संधी दिली नाही. परवानाच रद्द केला. एवढी सगळी वर्षं लढून, साध्या प्रेक्षकांनी एका दूरचित्रवाणी केंद्राचा परवाना घालवला होता. असं अमेरिकेत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग केंद्र बंद पडलं का? नाही. 1971 च्या जूनमध्ये ते एका ना-नफा संस्थेकडे तात्पुरतं चालवायला दिलं. या संस्थेत गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोघेही होते. 1972 मध्ये विल्यम डिल्डे यांना महाव्यवस्थापक नेमलं. व्यावसायिक केंद्राचा असा प्रमुख होणारे ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय. बातम्यांत नवे चेहरे आले. रँडल पिंकस्टन हा तरुण इथे बातम्या देऊ लागला. पुढे तो सीबीएस या मोठ्या कंपनीचा देशभर माहीत असलेला बातमीदार झाला. राज्यातल्या राजकारणावर केलेल्या कार्यक्रमासाठी केंद्राला 1976 सालचं पीबडी पारितोषिक मिळालं. तिकडे त्या पारितोषिकाला फार मान आहे.

कायमचा परवाना कुणाला द्यायचा, याची भांडणं मात्र दशकभर चालली. अनेक गटांनी अर्ज केले होते. शेवटी तडजोड होऊन एक स्थानिक कंपनी तयार झाली. 1980 च्या सुमारास केंद्र तिच्या हाती आलं. तिच्यात कृष्णवर्णीय भागीदारांचा मोठा वाटा होता. आणि अध्यक्ष कोण होते, सांगा पाहू? ॲरन हेन्री! क्लार्क्सडेलचे औषधवाले!

इथे मी थांबले असते, तर तुम्ही खूश होऊन टाळ्या वाजवल्या असत्या. पण गोष्ट तिथे थांबत नाही. नव्या मालकांतही भांडणं झालीच. डिल्डे यांना केंद्र सोडावं लागलं. पुढे 2000 साली केंद्र बाहेरच्या कंपनीला विकलं गेलं, मग त्या कंपनीला दुसरीने घेतलं, दुसरीला 2019 मध्ये तिसरीने. आता अनेक शहरांत केंद्रं असलेल्या एका बड्या कंपनीचं ते एक केंद्र आहे. बातम्या जॅक्सनच्याच असतात, पण मालक जॅक्सनचे नाहीत. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारलं, “मग बाई, एवढं भांडून काय मिळालं?” मी म्हटलं, प्रेक्षकाला बोलायचा हक्क मिळाला, तो केंद्र विकलं तरी विकला जात नाही. अमेरिकेत त्यानंतर कितीतरी गावच्या लोकांनी आपापल्या केंद्राला जाब विचारला, तो याच निकालाच्या आधारावर. आपल्याकडेही क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून एक खटला झाला होता. फेब्रुवारी 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं, की या लहरी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमची, माझी आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचीसुद्धा.

एक सांगायचं राहिलंच. डब्ल्यूएलबीटीच्या जुन्या काळातल्या बातम्यांच्या फिल्मची रिळं फेकून दिली गेली नाहीत. ती आता मिसिसिपीच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. केंद्राने त्या वर्षांत काय टिपलं, हे कुणालाही तिथे जाऊन तपासता येतं. पार्कर यांच्या स्वयंसेवकांना ज्यासाठी आठवडाभर लपून वही भरावी लागली, ते आता उजेडात बसून बघता येतं.

आणि हो, आमच्या फळ्यावर आता बातम्या मी निवडत नाही. मुलं आळीपाळीने निवडतात. वहीवाल्या मुलीची पाळी सोमवारी होती. तिने पहिलीच बातमी लिहिली, ‘वस्तीच्या हापशाला चार दिवसांपासून पाणी नाही.’

तुमची,
बाई